मास्तरांचा हात चुकला नव्हता

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, तसलीच एक जुनी टेप आहे मी. साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी पत्रा, आणि मधले काही आकडे बोटांनी पार पुसून गेलेले. माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती मला वेळेवर सांगता आली नाही, म्हणून आज बोलते आहे.

माझ्या शिंपी मास्तरांनी दुकान थाटलं, त्या दिवशी त्यांच्या बायकोने मला नवीकोरी आणून त्यांच्या गळ्यात टाकलं. "आता उगाच इकडेतिकडे भटकू नका, ही लक्ष ठेवील," असं म्हणून ती हसली. तेव्हापासून चाळीस वर्षं मी त्याच गळ्यात होते. जेवतानाही मला काढायचं मास्तर विसरत आणि रोज बायकोची बोलणी खात.

अंगाचं माप ते माझ्याने घेत आणि कापडावर खुणा करत टेबलावरच्या लोखंडी पट्टीने. एवढं लक्षात ठेवा. एखादं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की मास्तर म्हणत, "सोडा श्वास साहेब, शर्टाशी खोटं बोलून चालत नाही." मास्तरांकडे कपडा टाकला की फिटिंगसाठी दुसरी चक्कर पडत नाही, असं लोक सांगायचे. मीही फुशारून जायची.

मास्तरांना एक सवय होती. काळजी लागली की माझी दोन्ही टोकं धरून ते मला ताणत बसत. बायको आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्यांनी मला दिवसभर ताणलं. ती गेली आणि मी त्यांना आणखीच जवळची झाले. पुढे नात खेळायला लागली, तेव्हा मास्तर घोडा व्हायचे आणि मी लगाम. "हळू ओढ गं, घोडा म्हातारा आहे," असं ओरडत ते दुकानभर रांगायचे. मला तर फार मजा वाटायची.

या सगळ्यात मी दीड इंच लांबले.

लांबलेली टेप आकडा कमी दाखवते. चाळीस इंचांची छाती मी एकोणचाळीस सांगू लागले. लोखंडी पट्टी बिचारी खरी, ती एकोणचाळीसचंच कापड कापायला लावायची. शर्ट तंग होऊ लागले. सुरुवातीला मास्तर थट्टेवारी नेत, "अहो, तुम्हीच सुटलात!" मग परत येणारे कपडे वाढले. त्यांनी जाड भिंगांचा चष्मा केला. एकेक माप तीन-तीनदा घेऊ लागले. आणि मी तिन्ही वेळा तोच चुकीचा आकडा छातीठोकपणे सांगत राहिले. मुलाने नवी टेप आणून दिली, तर "हिला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी ती पाकिटासकट ड्रॉवरमध्ये टाकली.

मग नातीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम ठरला. मास्तरांनी तिच्यासाठी जांभळा फ्रॉक शिवला. आठ दिवस त्यांनी दुसरं काही हातात धरलं नाही. ऐन वेळी फ्रॉकची चेन पाठीवर अर्ध्यातच अडली. पोरगी रडू लागली, निघायला उशीर होत होता. मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, आता बास करा. हात चुकतोय तुमचा."

मास्तरांनी आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "हो रे. चुकतोय खरा," ते म्हणाले.

मी त्यांच्या गळ्यातच होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद झालं. मास्तरांनी मला गुंडाळून नव्या टेपशेजारी ठेवलं. नंतर घरात कोणी साधं बटण लावायला आणलं तरी ते म्हणत, "नको, माझ्याकडून वाकडं होईल." अशी दोन वर्षं गेली आणि मग मास्तर गेले.

ड्रॉवर आवरताना नातीने आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि टेबलावर शेजारी शेजारी अंथरलं.

"बाबा, आजोबांची टेप मोठी कशी?"

मुलगा आला. त्याने आमची टोकं जुळवली, मग लोखंडी पट्टी लावून पाहिली, मग पुन्हा एकदा. आणि तो तिथेच फरशीवर बसला. "बाबा, तुमचा हात नव्हता हो चुकत," तो म्हणाला. ऐकायला मी होते आणि नात होती.

"मी घोडा-घोडा खेळताना ओढली म्हणून झालं का?" तिने विचारलं.

"नाही गं बाळा. मी बघायला हवं होतं."

मित्रांनो, आता मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्याने कोणी माप घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस चुकतंय असं वाटलं, तर त्याला तसं म्हणण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा तपासून बघा. आम्ही वस्तू झिजतो, ताणल्या जातो, आणि सगळा बोल लागतो तो माणसाला. मास्तर त्यानंतर दोन वर्षं घरातच होते. ड्रॉवर उघडून आम्हा दोघींना शेजारी ठेवायला दोन मिनिटं पुरली असती.