तळहातातला ठोका

"अवो, तो हात काढा काचेवरसून! गणपतीवर माटवी बांधूची आसा, नारळ सोलूचे आसत, आणि तुमी हंय त्या पेटयेक चिकटलास!"

जानकी पडवीच्या दारात उभी राहून ओरडली. सदाशिवला हाक ऐकू आली नाही. दारातून येणारा उजेड कमी झालेला मात्र दिसला. त्याने मान वळवली, पण उजवा तळहात काचेवरून काढला नाही. डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून त्याने तिला गप्प राहायची खूण केली. बहिऱ्या माणसाने ऐकणाऱ्याला गप्प बसवावं, याचं तिला हसू आलं आणि रागही आला.

काचेपलीकडे बोटभर लांबीचा, शेवाळी रंगाचा एक जीव तिसरीचं शिंपलं कोपऱ्यात रेटत होता. त्याचे डोळे देठांवर होते, आणि एक डोळा शिंपल्याकडे असताना दुसरा सदाशिवकडे वळलेला होता. त्याने छातीशी दुमडलेला हात झटकला. झटकताना तो हात कुणालाच दिसत नसे, इतका तो वेगवान. सुपारी फुटल्यासारखा आवाज जानकीने ऐकला. सदाशिवला तोच आवाज तळहातात लागला.

"मारल्यान!" तो म्हणाला. "तुका ऐकाक इला?"

"इला, इला. सगळ्या घरान श्रावण पाळलो. ही एकटी बया मागल्या दारान तिसऱ्यो खाता."

जानकीचे ओठ त्याला वाचता येत. "ती हरमलची," तो म्हणाला. "तिका आमचो श्रावण लागू नाय."

ही काचेची पेटी त्यांच्या मुलाने, प्रथमेशने आणली होती. तो हरमलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या बघायचा. एक परदेशी पाहुणा जाताना पेटी आणि तिचा लहानसा पंप मागे टाकून गेला. प्रथमेशने ती डिचोलीला आणली, समुद्राचं पाणी भरलं, किनाऱ्यावरच्या खडकांतला एक भोकाभोकांचा दगड आत ठेवला आणि तीन पट्टेरी मासे सोडले. आठवड्याभरात मासे एकेक करून नाहीसे झाले. जानकीने शेजारच्या मांजराला दोष दिला. मग एका सकाळी काच पुसताना सदाशिवच्या तळहाताला ठोका लागला, आणि दगडाच्या भोकातून दोन डोळे बाहेर आले. प्रथमेशने मोबाइलवर शोधून नाव सांगितलं, मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीच्या, म्हणजे सुंगटाच्या नात्यातला जीव. सदाशिवला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून तो तिला नुसतं 'ती' म्हणू लागला.

दोडामार्गाकडून तो तरुणपणी डिचोलीच्या खाणीवर आला होता. खनिज चाळणाऱ्या प्लांटवर त्याची नेमणूक झाली. तिथे लोखंडी चाळण्या दिवसभर थरथरत आणि त्यांच्यावर दगड नाचत. कानांत घालायला कापूस होता, पण कापूस घातला तर मागून येणारा ट्रक कळत नसे, म्हणून कुणी घालत नसे. ऐकणं वरच्या सुरापासून गेलं. आधी चिमण्या गेल्या, मग जानकीच्या बांगड्या, मग माणसांच्या बोलण्यातली व्यंजनं. खाण बंद पडली तोवर फार थोडं उरलं होतं. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून सगळं जग पुन्हा चाळणीवर ओतल्यासारखं ऐकू यायचं. यंत्र डबीत गेलं. तो ठोका मात्र कानातून येतच नव्हता. तो हाडातून यायचा, स्वच्छ, एकटा, मागेपुढे काही नसलेला. दिवसातून केव्हातरी तो येईल, म्हणून सदाशिव पडवीत बसून राहायचा. इतर कशासाठी बसावं असं त्याच्याजवळ काही नव्हतं.

चतुर्थीच्या आधी प्रथमेश रजेवर आला तो पेटीसाठी समुद्राच्या पाण्याचे कॅन घेऊन. पावसाळ्यात नदीचं लाल पाणी समुद्रात पसरतं. भरतीच्या वेळी खडकांवरून भरलं तरी पाणी गढूळच होतं. ते निवळायला दोन-तीन दिवस ठेवावं लागणार होतं, आणि कॅन दुसऱ्या दिवशी परत द्यायचे होते. घरातल्या बादल्या सणात अडकलेल्या.

सदाशिव न्हाणीत गेला. तिथे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा हंडा होता. गॅसचा गिझर आल्यापासून तो चुलीवर चढला नव्हता. आतून तपकिरी, बाहेरून काजळीने काळा. सदाशिवने तो अंगणात ओढला, चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि सकाळभर हंडा आतून घासला. शेवटी त्याला आत स्वतःचा चेहरा दिसला.

"माज्या लगनात सुदीक एवढो घासूक नाय हो हंडो," जानकी म्हणाली. "त्या प्लास्टिकच्या पिंपात वता पाणी. चलात."

"देवाक पाणी तांब्याच्या गडव्यात ठेवतव मा? मगे तिका प्लास्टिक कित्या?"

पाणी हंड्यात ओतलं गेलं. सदाशिवने वर धुतलेला पंचा बांधला. दोन दिवसांनी पाण्याच्या रेषेवर हिरवट कड दिसली. ती शेवाळाची समजून त्याने अंगठ्याने पुसली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पेटीतलं अर्धं जुनं पाणी काढून त्याने हे नवं, नितळ पाणी तांब्याने तांब्याने आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शीतल फोंड्याहून आली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तिथल्या एका कारखान्यात पाण्याचे नमुने तपासायची. गणपती बसला होता, शेजारी आरतीला जमत होते, आणि बाबा समोर नव्हते. ते पडवीत होते.

"उठवन बघ गो बाय हिका," सदाशिव म्हणाला. "सकाळपासून अशीच आसा."

ती कुशीवर पडली होती. पोटाखालच्या झालरी मधूनच हलायच्या. एकाच वेळी दोन दिशांना बघणारे ते डोळे आता दोन्ही खाली कलंडले होते.

"पाणी बदललास?" शीतलने आईला विचारलं.

"बदलल्यानी तर! असल्या तसल्यात नाय हां, हंड्यात निवळत ठेवलेला. जा, बघ हंडो. आरसो केल्यानी त्येचो."

शीतलने हंडा पाहिला. तळाशी उरलेल्या पाण्याभोवती निळसर हिरवी कड पुन्हा धरली होती. चिंचेने तांब्यावरचा जुना थर निघून गेला होता, आणि उघड्या तांब्यावर खारं पाणी दोन दिवस बसलं होतं. माणसाला एवढं तांबं फार तर मळमळेल. पण कोळंबी, खेकडे, हे जीव वेगळे. ज्यांच्या रक्तात लोखंडाच्या जागी तांबं असतं, त्यांनाच पाण्यातलं तांबं सोसत नाही. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

तिने प्रथमेशला ताज्या पाण्यासाठी पिटाळलं. तो आरती सोडून स्कूटरवर हरमलला गेला. परत येईपर्यंत पेटीत हालचाल उरली नव्हती. तरी सदाशिव काचेवर हात ठेवून होता.

"कशान गेली गो?" त्याने विचारलं.

त्या घरात हळू आवाजात काही सांगायची सोय नव्हती. बाबांना सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे आईला, प्रथमेशला, माजघरात फुगडीला जमलेल्या बायकांना, सगळ्यांना सांगायचं.

"म्हातारी झालेली, बाबा!" शीतल ओरडली.

आत कुणीतरी खुदकन हसलं. "सुंगटाच्या तेराव्याची जेवणा कधी हो?" एका बाईने विचारलं, आणि जानकीने तिला गप्प केलं.

"म्हातारी," सदाशिव म्हणाला आणि मान हलवली. त्याने ते मान्य केलं.

गणपती पोचवून झाल्यावर शीतलची निघायची वेळ झाली. प्रथमेश बाबांसमोर उभा राहून हातवारे करत ओरडत होता. "दुसरो दगड हाडतंय! तसल्या भोकांचो! खडकांत होये तितके आसत!"

सदाशिवच्या चेहऱ्यावर थोडं काही आलं. तो उठला आणि मागे गेला. शीतल बॅगेची चेन लावत होती. तिला अंगणातून खसखस घासल्याचा आवाज आला. तिने काही क्षण तो ऐकला, मग बॅग तशीच टाकून ती मागे गेली.

हंडा आडवा होता आणि सदाशिवचा एक हात खांद्यापर्यंत आत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, हंड्यात नको," ती हळू म्हणाली.

"काय? मोठ्यान बोल."

"हंड्यात नको ठेवू पाणी!"

"कित्या? निवळ व्हता."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. शीतलने एकदा तिकडे पाहिलं.

"तांबा उतारता पाण्यात! तिका इख होता ता!"

खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला. सदाशिव तिच्या ओठांकडे बघत राहिला. ती बोलायची थांबली होती तरी. मग त्याने हात हंड्यातून बाहेर काढला. चिंचेचा काळपट चोथा बोटांना लागला होता. त्याने तळहात उलटा केला, सुलटा केला.

"बरो लख्ख घासलेलंय," तो म्हणाला.

शीतलचं बोलायचं ते सगळं ओरडून झालं होतं.

"प्रथमेशाक सांग, दगड नको हाडू."

"प्लास्टिकचा पिंप चलात, बाबा! मी हाडतंय!"

त्याने हे ऐकलं की नाही, कळलं नाही. अर्धा घासलेला हंडा तसाच टाकणं त्याला जमलं नसावं. उरलेली बाजू त्याने सावकाश घासली, दोन पाण्यांनी हंडा धुतला आणि भिंतीशी पालथा घातला. सवयीने त्याचा उजवा तळहात तांब्यावर टेकला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्याने तो उचलला, पंच्याला पुसला आणि मुलीची बॅग उचलायला पुढच्या दाराकडे गेला.