बोझकोवच्या नावावर

रांगेल बोझकोवच्या जागेवर बसायचं म्हटल्यावर झ्लातिनाला किळस आली. तिने कीबोर्ड उलटा करून आपटला, तर सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं टेबलभर सांडली. मॉनिटरच्या कडेला तेलकट चिठ्ठी, तिच्यावर सर्व्हरचा पासवर्ड. कॉम्प्युटरच्या आत तर याहून घाण. ‘अंतिम’, ‘अंतिम नवं’, ‘खरंच अंतिम’, ‘हात लावू नका’ असे लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे एकतीस फोल्डर. प्लोवदिव शहरातल्या दोन-अडीचशे लिफ्ट या उकिरड्याच्या जिवावर चढत-उतरत होत्या.

“माणूस होता की डुक्कर?” ती पुटपुटली.

“डुक्करच!” मागून वेल्चेव हसला. कंपनी त्याची. “अकरा वर्षं सांभाळला मी त्याला. गेला तो भांडून. तू एवढं आवर बाई. गुरुवारी सोफियाहून माणसं येतायत, कंपनी विकत घ्यायची म्हणून बघायला. त्यांना कुठला बदल कधी झाला, कुणी केला, सगळं ओळीने हवंय.”

झ्लातिनाने फोलपटं पुसली, हात दोनदा धुतले आणि कामाला लागली. आधी गिट बसवलं, प्रत्येक बदल कधी आणि कुणी केला याची नोंद ठेवणारं. मग सांकेतिक किल्ल्यांची जोडी तयार केली. खासगी किल्ली या कॉम्प्युटरवरच राहायची, तिची जोडीदारीण सर्व्हरवर ठेवायची. दोघी जुळल्या की सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. जुळल्या. चिठ्ठीवरचा पासवर्ड तिने बदलला आणि चिठ्ठी फाडून टाकली.

“झकास!” वेल्चेव म्हणाला. “ती खासगी किल्ली मला मेल कर. सगळ्यांना तीच देऊन टाकू, कटकट नको.”

“साहेब, शेजाऱ्याची कवळी तोंडात घालता का तुम्ही? ज्याची त्याने बनवायची.”

“बरं बरं. आणि ऐक, जुनं सगळं काम माझ्या नावावर चढव.”

तिने वळून बघितलं.

“बघतेस काय? निघून गेलेल्या माणसाचं नाव दिसलं की सोफियावाले शंका काढत बसतील. नाव तर टाकायचंय, कुणाचंही टाकता येतं ना?”

टाकता येत होतं. तीच तर पंचाईत होती. नोकरीचा तिसरा दिवस होता. तिने कर्त्याच्या जागी प्रोदान वेल्चेव लिहिलं आणि एकेक फोल्डर तारखेप्रमाणे चढवायला सुरुवात केली.

नवव्या फोल्डरपाशी ती अडकली. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलू नये, याचा तो भाग होता. अतिशय नेटका. इतकं स्वच्छ काम तिने स्वतःसुद्धा कधी केलं नव्हतं. वर बोझकोवने टीप लिहिली होती: ‘बायकोला, कालिनाला, आज पुन्हा दवाखान्यात नेलं. मी इथूनच लिहितोय, तिच्या खाटेशेजारी बसून. उद्या डोकं ठिकाणावर असेल तेव्हा पुन्हा तपासणे.’ खाली दुसऱ्या दिवसाची तारीख: ‘तपासलं. ठीक आहे. कालिना नाही.’

आणि या ओळींसमोर, झ्लातिनाच्याच हाताने, कर्ता म्हणून लागलं होतं नाव: प्रोदान वेल्चेव.

फोलपटांची किळस पुसून गेली होती, ही हातांना चिकटली. मरणाऱ्या बायकोच्या उशाशी बसून लिहिलेल्या ओळी आपण दुसऱ्याच्या घशात घातल्या, त्याही कशासाठी, तर साहेबांची कटकट वाचावी म्हणून!

तिने चढवलेलं सगळं पुसलं आणि पहिल्या फोल्डरपासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक बदलावर त्याची मूळ तारीख, कर्ता रांगेल बोझकोव. चढवणारी म्हणून स्वतःचं नाव. दुपारपर्यंत एकतीस फोल्डरांची एक सरळ रेघ झाली. तिने ती सर्व्हरवर पाठवली. वार्नाच्या शाखेतल्या मुलींना फोन करून सांगितलं, “तुमच्या मशीनवर आत्ताच्या आत्ता उतरवून घ्या.”

वेल्चेवला बुधवारी कळलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“काढ ते!”

“काढते. पण वार्नात सात जणींकडे आहे. त्यांनाही तुम्हीच सांगा, का काढायचं ते.”

“तुला कामावर कुणी घेतलं?”

“तुम्ही. म्हणून तर तुमचं नाव लिहिलं होतं आधी. माझीच मला लाज वाटतेय.”

गुरुवारी सोफियाहून आलेली बाई यादी बघत म्हणाली, “हे बोझकोव कुठेत? त्यांच्याशी बोलल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी बोझकोव आला. खांदे पडलेला, दाढी वाढलेला. वेल्चेव दारापर्यंत धावला. “रांगेल, मित्रा! अरे, हे सगळं तुझंच तर आहे, मी पहिल्यापासून सांगतोय!” त्याने बोझकोवला कवटाळलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि तिच्याकडे वळून म्हणाला, “झ्लातिना, आमच्या रांगेलसाठी कॉफी आण गं.”

बोझकोव त्या मिठीत हात खाली सोडून उभा होता. त्याने फक्त डोळे मिटून घेतले.

झ्लातिना उठली. कॉफीच्या यंत्राकडे न जाता बाथरूममध्ये गेली, आणि नळ सोडून बराच वेळ स्वतःचे गाल धूत राहिली.