सत्यशीलाची झोप

सुलेखाला लहानपणापासून फिट यायची, आणि बहुतेकदा झोपेतच. त्यामुळे छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत सत्यशीलाला वर्षानुवर्षं धड झोप अशी नव्हतीच. लेकीच्या पाठीवर हात ठेवून ती पडायची. अंग जरा ताठलं की उठून तिला कुशीवर वळवायची. नवरा वारल्यावर तर मायलेकी दोघीच उरल्या.

एका रविवारी उपासनेहून येऊन दोघी जेवल्या आणि आडव्या झाल्या. भर दुपार होती. सत्यशीलाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सुलेखा पालथी पडली होती. तोंड उशीत, अंग गार.

मातीला कब्रस्तानात चर्चची सगळी मंडळी आली. "देवाची मर्जी," म्हणाली आणि गेली. आता जागून राखावं असं कोणी उरलं नव्हतं, तरी सत्यशीलाला झोप येईना. पापणी जड झाली की ती दचकून उठायची, शेजारचं रिकामं अंथरूण चाचपायची. चर्चला जाणं तिनं सोडलं.

पाळकसाहेबांच्या पत्नी रत्नमालाबाई मात्र रोज दुपारी यायच्या. भांडी घासायच्या, भाजी निवडायच्या, जवळ बसायच्या. एक दिवस सत्यशीलाच बोलली.

"मी झोपले होते, वहिनी. माझं लेकरू एकटंच तडफडून गेलं."

"एकटं नव्हतं, बाई. तुमचा डोळा लागला होता. प्रभूचा नाय लागत."

"मंग मला उठवलं का नाय त्यानं?" सत्यशीला ओरडली.

रत्नमालाबाईंचे डोळे भरून आले. "ते मला नाय माहीत. मीबी लई वेळा विचारलं त्याला. पण सुलेखापाशी तो होता, एवढं मला ठाऊक आहे."

सत्यशीला भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. मग मातीनंतर पहिल्यांदाच तिनं हात जोडले.

"प्रभू येशू, तू होतास ना तिच्याजवळ? मग आता तूच सांभाळ तिला. माझ्यानं नाय होत आता."

बोलता बोलताच ती झोपेनं कलंडली. रत्नमालाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

ती उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. सुलेखा नाही, हे तिला पुन्हा नव्यानं कळलं आणि ती पुन्हा रडली. पण या वेळी ती दचकून उठली नव्हती.

पुढच्या रविवारी ती चर्चला गेली. मागच्या बाकावर बसली. गाणं काही तोंडून फुटलं नाही. घरी येऊन मात्र जेवली, आणि दार लावून झोपली.