आमेन होईपर्यंत

मोएलागीने एक डोळा किलकिला केला.

समोर तिचा नवरा पेनियामिना मांडी घालून, डोळे घट्ट मिटून, खड्या आवाजात प्रार्थना करत होता. प्रार्थनेत आता तो मासेमारीच्या होड्यांपर्यंत आला होता. बेटावरच्या इतर घरांसारख्याच या घरालाही भिंती नव्हत्या, नुसते खांब. मागच्या खांबापाशी सुनेची चटई रिकामी होती.

तिने डोळा मिटला. 'आमेन' म्हणून पुन्हा उघडला, तर पालेपा जागच्या जागी, मान खाली घालून बसलेली. श्वास मात्र चढलेला, आणि नेसूच्या लावालावाच्या काठाला गवताची कुसळं.

"कुठे गेली होतीस गं?"

"कुठे नाही, आई. इथेच होते."

प्रार्थनेच्या चटईवर बसून खोटं! मोएलागीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मुलगा एलिओटा सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेलेला, बायको ऐन पंचविशीतली, आणि सांजेचा शंख फुंकला की सगळं गाव आपापल्या घरात डोळे मिटून बसलेलं. चोरट्या भेटीला याहून सोयीची वेळ कोणती? प्रार्थनेच्या वेळी कुणी फिरू नये म्हणून रस्त्यावर तरुण पोरांचा पहारा असतो, पण केळीच्या बागेतून मागच्या मागे जाणाऱ्याला कोण अडवतंय? उद्या हे उघडं पडलं तर मुलाचा संसार मोडणार, आणि नवऱ्याचं चर्चमधलं डीकनपद जाणार ते वेगळंच.

मग तिला एकेक गोष्ट दिसू लागली. मागच्या चुलीपाशी नारळाच्या करवंट्या साठत होत्या. पालेपाच्या हातांना मालिशच्या तेलाचा वास येत होता. कुणाला चोळते ही बया?

तिने नवऱ्याजवळ विषय काढला.

"तुमच्या सुनेचं प्रार्थनेत लक्ष नसतं."

पेनियामिना जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुला कसं कळलं? तू डोळे उघडे ठेवतेस की काय?"

मोएलागी तरातरा चुलीकडे निघून गेली.

खरं म्हणजे नवऱ्याच्या प्रार्थनेचा तिला केवढा अभिमान! पूर्वी दोन वाक्यांत उरकणारा हा माणूस, पण पावसाळा सरल्यापासून असा काही रंगायचा की पानातलं अन्न गार होऊन जायचं. "आमच्या घरी पवित्र आत्म्याचं काम चाललंय," असं तिने पाळकबाईंच्या देखत महिला मंडळात सांगूनही टाकलं होतं. मोएलागी त्या मंडळाची अध्यक्ष. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की नारळाची गरम पेज घेऊन ती पहिली हजर.

एक घर सोडून. ते तिच्या थोरल्या बहिणीचं, सालाफाईचं. आईने वर्षानुवर्षं विणलेली बारीक विणीची चटई, घराण्याची ठेव, सालाफाईने कुणाला न विचारता परक्याच्या मयताला देऊन टाकली होती. तेव्हा मोएलागीने भर चर्चच्या आवारात सुनावलं होतं, "हिच्या घरात जो पाऊल टाकेल त्याने माझ्याकडे जेवायला येऊ नये." यंदा सालाफाईचं अर्धं अंग गेल्याचं कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देव बघून घेईल." अध्यक्षबाईंना दुखवून तिकडे कोण जाणार? मंडळातल्या बायकाही गप्प राहिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी पेनियामिनाने प्रार्थना सुरू केली, मागे चटई करकरली, आणि मोएलागी उठली. डीकनची बायको, भर प्रार्थनेतून! बागेत अंधारून आलं होतं. पुढे पालेपा झाकलेलं भांडं छातीशी धरून झपाझप चालली होती. म्हणजे त्याला खाऊसुद्धा घालते! मोएलागीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता रंगेहाथ धरायची, मग काय व्हायचं ते होवो.

बाग संपली आणि समोर सालाफाईचं घर आलं.

मोएलागी विलायती फणसाच्या झाडामागे थबकली. रस्त्याच्या बाजूची झापं खाली सोडलेली होती, बागेकडची वर. आत पालेपा म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन पेज भरवत होती. सालाफाईचा अर्धा चेहरा ओघळला होता, आणि पांढऱ्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

"सावकाश भरव," सालाफाई जड जिभेने म्हणाली. "अजून होड्याच चालल्यात त्याच्या."

मोएलागीने कान दिला. बागेपलीकडून नवऱ्याचा आवाज लख्ख ऐकू येत होता.

"होड्या झाल्या की अळूचे मळे," सालाफाई सांगत होती. "मग परदेशातली पोरं. मग आमेन. तोवर पाठ चोळून होते."

"आज केस विंचरू का, मावशी?"

"राहू दे गं. एवढं कुठून आणणार तो बिचारा बोलायला?"

दोघी हसल्या.

आपल्या घरात चाललेलं पवित्र आत्म्याचं काम मोएलागीला आता नीट दिसलं. तिला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. आणि रागापेक्षा लाज मोठी होती. लहानपणी दर रविवारी चर्चला जायच्या आधी सालाफाई तिचे केस विंचरायची. इतकी घट्ट वेणी घालायची की डोळ्यांतून पाणी यायचं. आताही तेच झालं.

पलीकडे अळूचे मळे संपले, परदेशातली पोरं सुरू झाली. मोएलागी लावालावा वर धरून पळत सुटली. आमेनला ती आपल्या चटईवर होती. मागोमाग पालेपाही.

पेनियामिनाने डोळे उघडले. बायकोच्या लावालावाला चिकटलेल्या कुसळांवर त्याची नजर गेली. त्याने जेवणाचं पान पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी शंख व्हायच्या आधी मोएलागी स्वतःच खोबरं खोवायला बसली. पालेपाचा चेहरा पांढराफटक पडला. गीत म्हणून झालं, पेनियामिनाने हात जोडले, तशी मोएलागी उठली. एका हातात पेजेचं भांडं घेतलं, दुसऱ्या हाताने अंबाड्यातला कंगवा काढला.

"मी येऊ का, आई?" पालेपाने हळूच विचारलं.

"तू बस. घरात एकीने तरी प्रार्थना करावी."

मग ती नवऱ्याकडे वळली. तो डोळे उघडे टाकून तिच्याकडे बघत होता.

"मिटा ते डोळे," ती म्हणाली. "आणि घाई करू नका. तिच्या केसांचा फार गुंता झालाय."

पेनियामिनाने घसा खाकरला, आणि त्या संध्याकाळी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.