उकरलेलं मूळ

ताईनं घर विकलं आणि निघताना बागेतलं एकच मूळ धाकट्या भावाच्या ओंजळीत ठेवलं. काळपट, बोटाएवढं जाड.

"लाल पॉपीचं आहे. थंडीला भीत नाही, उन्हाला भीत नाही. नवे मालक सगळीकडे फरशी घालतायत, म्हणजे हे शेवटचंच. सांभाळ."

ते फूल त्याला ठाऊक होतं. लाल असं, की बघणाऱ्याच्या गालावर उजेड पडावा.

धाकटा घड्याळजी. कुठलीही वस्तू उघडून आतलं दिसलं, तरच त्याला घास गोड लागायचा. मूळ लावलं, पाणी घातलं, आणि बोटं शिवशिवायला लागली. आत काय चाललं असेल? रुजलं असेल, की रुसलं असेल? त्यानं माती बाजूला सारली, मूळ वर ओढलं, उलटसुलट पाहिलं. इथे ऊन कमी, म्हणून नळापाशी लावलं. तिथे ओल फार, म्हणून कुंपणाशी. मग पायरीजवळ.

"अहो, त्याला किल्ली द्यावी लागत नाही," खिडकीतून बायको म्हणाली.

"बघतोय फक्त."

"बघून बघूनच जीव घ्याल त्याचा."

तसंच झालं. एके सकाळी मूळ हातात आलं ते लिबलिबीत. त्यानंतर ताई फोनवर "आलं का रे वर?" विचारायची, तेव्हा तो "येतंय, येतंय" म्हणायचा आणि घाईनं तब्येतीची चौकशी करायचा.

थंडी ओसरली आणि ताईच दारात उभी राहिली. आता लपवणार कुठे?

"ताई, तुझं मूळ कुजलं. माझ्याच हातानं."

ती नळापाशी वाकली. तिथे केसाळ, कातरलेल्या पानांचा झुबका होता. कुंपणाशी दुसरा, पायरीजवळ तिसरा. त्यानं ते तण समजून सोडून दिले होते.

"ओढून काढायचास ना रे?"

"हो."

"दर वेळी शेपूट तुटून खाली राहिलं. याचा तुकडासुद्धा जगतो. एक दिलं होतं, गुलामा, तू तर वस्तीच केलीस." ती हसली, मग जरा थांबून म्हणाली, "खुरपं दे. आणि एक खोल कुंडी. नव्या घरी, चौथ्या मजल्यावर फार सुनं वाटतं."

तिनं खुरपं घातलं तसा तो पुढे सरसावला. "अगं, उकरू नकोस. आत्ता कुठे जीव धरलाय."

ताईनं मातीसकट मूळ उचललं. पांढरे कोवळे तंतू उन्हात लोंबत होते. त्यानं मान फिरवली.

"झाकून टाक, ताई. लवकर."