दलदलीच्या राणीचं मोल

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी चार शहाणी माणसं आपापल्या सरदाराची निंदा करायला जमली होती. त्यातल्या एकीला, म्हणजे दुकानाच्या मालकीणबाईंना, आज निंदा करायची इच्छाच होत नव्हती. त्यांना तिथे सगळे वहिनी म्हणत. खऱ्या अर्थाने त्या एकाच्याच वहिनी होत्या, पण दिराची हाक सगळ्या गावाच्या तोंडी बसते, तसं झालं होतं.

खेळ तसा साधा. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि प्रत्येकाची बोटभर उंचीच्या रंगवलेल्या पुतळ्यांची फौज. फौजेला एक सरदार. फासे टाकायचे, टेप लावून अंतर मोजायचं आणि समोरच्याला झोडपायचं. गोम पुढेच होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी बसून प्रत्येक सरदाराचं मोल ठरवायचं, आणि सरदार जितका भारी ठरेल तितके त्याच्या हाताखालचे सैनिक कमी करायचे. म्हणजे सामना बरोबरीचा होतो म्हणे. हा नियम भावजींचा, म्हणजे वहिनींच्या दिरांचा. भावजी एका मोठ्या कचेरीत माणसांना गुण देणाऱ्या खात्याचे साहेब होते, आणि ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. केस कापायला गेले तरी सलूनवाल्याला दहापैकी साडेसहा देऊन येत.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी आपल्या सरदाराच्या बढाया मारल्या आणि सगळ्यांच्याच फौजा निम्म्या झाल्या. तेव्हापासून अक्कल आली. आता सभेत ज्याने त्याने आपल्या सरदाराचे वाभाडे काढायचे आणि दुसऱ्याच्या सरदाराचे गोडवे गायचे. जगात एरवी चालतं त्याच्या बरोबर उलट. दुसऱ्या कुणी स्तुती केली आणि त्याला दोघांनी अनुमोदन दिलं, की मोल पक्कं. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. हेही भावजींचंच डोकं.

दातांच्या डॉक्टरांनी सुरुवात केली. त्यांचा सरदार राखेचा राजा. अंगावर इतकं चिलखत की आत कोणी आहे की नाही हे बघायला एक्स-रे काढावा. गेल्या हंगामात या राजाने एकट्याने पूल अडवून धरला होता, पण डॉक्टरांच्या तोंडून ऐकाल तर बिचारा मुळापासून किडलेला, वरून नुसता चकाकतो, चढ लागला की धापा टाकतो. भावजींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि राजाला नऊ दिले. डॉक्टरांनी ओठ आवळले.

मग विमावाले. आठवडाभर लोकांना मरणाची भीती घालून पोट भरणारा माणूस. त्यांनी आपल्या महापुजाऱ्याबद्दल अशा गहिवरल्या आवाजात बोलायला घेतलं, की हा पहिल्याच फेरीत डोळे मिटणार याबद्दल कुणाला शंका राहू नये. त्यांनाही नऊ मिळाले. भावजींनी स्वतःच्या लोखंडी सेनापतीची मात्र थोडक्यात वासलात लावली. उपद्रवी नाही, उपयोगीही नाही, पाच पुरेत. बाकीचे तोंड उघडतात तोवर ते पुढच्या सरदाराकडे वळलेसुद्धा. साहेबी ती हीच.

पुढची सरदार वहिनींची. दलदलीची राणी. पाठीला पोक आलेली म्हातारी, चार बेडकांनी उचललेल्या खुर्चीत बसलेली. तलवार नाही, जादू नाही. तिची करामत एवढीच, की मार खाऊन पळत सुटलेले तिचे सैनिक तिच्याजवळ पोचले की थांबतात आणि पुन्हा उभे राहतात. खरं तर वहिनींना खेळात घेतलं होतं ते चौथं माणूस हवं म्हणून आणि वाटाण्याएवढ्या डोक्यावर डोळे रंगवायला त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता म्हणून. कुणी घेत नव्हतं ती राणी त्यांच्या गळ्यात मारली. पुढे ही म्हातारी एकेकाला पाणी पाजायला लागली तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

वहिनींनीही रडगाणं तयार करून आणलं होतं. पण लक्ष होतं भलतीकडेच. दूरच्या शहरात त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. जावयाची रात्रपाळी. लेक फोनवर कधी ‘ये’ म्हणाली नव्हती, फक्त फोन ठेवता ठेवता ‘येशील ना गं?’ एवढं विचारायची, आणि ते जास्त लागायचं. नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ समुद्रात. राहता राहिल्या सासूबाई. पडल्यानंतर चार दिवस म्हणून थोरल्या मुलाकडे, म्हणजे वहिनींच्या घरी आल्या, त्याला आता किती वर्षं झाली ते मोजणं वहिनींनी सोडून दिलं होतं. सकाळी इंजेक्शन, पहाटे हात धरून न्हाणीघरापर्यंत नेणं. माणूस गोड होतं, त्याबद्दल तक्रार नाही. वहिनींनी भावजींना पुन्हा पुन्हा विचारलं होतं, थोडे दिवस आईंना न्याल का? दर वेळी ‘बघू’. सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, ‘नेलं तर जाईन बापडी. पण शाळेची वेळ झाली की याचं पोट दुखायचं, तसं आता पाठीचं होईल बघ.’ तिकीट आजच्या आज काढायला हवं होतं.

भावजींनी राणीला बोटांच्या चिमटीत उचललं आणि उजेडाकडे धरलं.

‘हिच्यासारखी दुसरी नाही,’ ते म्हणाले. ‘मोडलेलं, पळालेलं कोणीही येवो, ही त्याला उभं करते. हिला विश्रांती लागत नाही, हिची तक्रार नसते. हिच्यावर कितीही टाका, पेलते. दहापैकी दहा.’

वहिनी ऐकत राहिल्या. हे शब्द त्यांनी कुठेतरी ऐकले होते, आणि कुठे ते आठवायला वेळ लागला नाही. सासूबाईंची बॅग दारात ठेवताना भावजी म्हणाले होते, वहिनी, तुम्ही म्हणजे घराचा खांब, तुमच्यावर कितीही टाका. आणि स्वतःबद्दल? पाठ दुखते, कचेरीत डोकं वर काढायला फुरसत नाही, बायकोचं डोकं दुखतं, जागा अपुरी. जागा अपुरी खरीच, कारण एका अख्ख्या खोलीत लोखंडी फौजेची काचेची कपाटं होती. म्हणजे हीच सभा घरात इतकी वर्षं चालली होती. सगळे आपली निंदा करून हलके झाले, आणि आपण एकट्याच कौतुक ऐकून सुखावत बसलो. खांब म्हटल्यावर वहिनींनी त्या दिवशी चक्क शिरा केला होता.

डॉक्टरांनी अनुमोदन दिलं, विमावाल्यांनीही दिलं. आता मालकिणीने कळवळायचं, म्हातारीचे दुखरे गुडघे पुढे करायचे, अशी रीत.

‘मान्य,’ वहिनी म्हणाल्या.

विमावाल्यांचं बिस्किट चहात बुडालं आणि वर आलं नाही. आजवर या खोलीत कुणी मान्य म्हटलं नव्हतं. दहा म्हणजे राणीच्या दिमतीला तिची खुर्ची उचलणारे बेडूक सोडून फारसं कुणी उरत नव्हतं.

‘आता भावजींचं मोल करू,’ वहिनी म्हणाल्या.

सेनापतीचं पाचावर झालंय की, असं भावजी म्हणाले.

‘सेनापतीचं नाही. तुमचं.’

आणि वहिनींनी गोडवे गायला सुरुवात केली. मापात, आवाज न चढवता, नंबर तपासताना गिऱ्हाइकाशी बोलतात तशा. एवढी कचेरी हे एका बोटावर नाचवतात. घराला लिफ्ट आहे. कपाटं भिंतीला सरकवली की एक खोली मोकळी होते. रजा तर इतकी साठलीय, की गेली कित्येक वर्षं घेतली नाही हे यांनी आपल्याला दर रविवारी सांगितलंय. आईची नस यांच्याइतकी कुणाला कळते? तेव्हा गुरुवारपासून सासूबाई यांच्याकडे. मी लेकीकडे जातेय, बाळ-बाळंतीण नीट झाली की येईन.

‘दहापैकी दहा,’ त्या म्हणाल्या. ‘अनुमोदन?’

डॉक्टरांचा हात आधी वर गेला, मग त्यांनी विचार केला. राखेच्या राजाचे नऊ त्यांच्या घशात अजून अडकलेले होते. विमावाल्यांनी बुडालेल्या बिस्किटासकट कप खाली ठेवला आणि ‘पक्कं’ म्हणाले.

भावजींनी पाठीला हात लावला. मग कचेरी काढली, मग बायकोचं डोकं. कुणी मान हलवेना.

‘वहिनी, हा काय खेळ आहे का?’

‘खेळ असता तर मीही रडले असते, भावजी. सगळे रडतात तशी.’

भावजींनी फोन काढला, बायकोला लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आवाज एकदम मऊ झाला. ‘अगं, ऐक ना,’ ते म्हणाले. ‘मी आत्ताच सगळ्यांना सांगत होतो, तुझ्याइतकी खंबीर बाई मी पाहिली नाही...’

वहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

‘धाकटे, मी बोलतेय. तुझं कौतुक चाललंय, त्याला हो म्हणू नकोस. आई गुरुवारी तुमच्याकडे येतायत, आणि रजा भावजी काढतायत.’

पलीकडे धाकटी हसली. अशी हसली की टेबलापर्यंत ऐकू आलं आणि डॉक्टर घाईघाईने आपला राजा पुसायला लागले. हसणं संपल्यावर तिने एकच विचारलं, रोजचं इंजेक्शन कोण देणार?

वहिनींनी फोन भावजींच्या तोंडापुढे धरला.

भावजींनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा विमावाल्यांकडे.

‘मी,’ ते म्हणाले.

‘कोण?’ धाकटीने विचारलं.

वहिनी फोन धरून उभ्याच होत्या. हात मुळीच हलत नव्हता.

‘मी,’ भावजी जरा मोठ्याने म्हणाले.