सैल खटका

मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बोलतोय. या घरातली मोठी माणसं मला रिमोट म्हणतात. ज्यांनी मला कधी धड हातात घेतलं नाही, त्यांनीच हे नाव ठेवलंय. असू दे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक यंत्र माझी बटणं दाबून दाबून बघायचं. माझ्यासारखे हजारो पट्ट्यावरून सरकत होते आणि सगळ्यांचा आकार कुठल्या तरी एकाच हातावरून ठरवलेला होता. तो हात कुणाचा ते मला माहीत नाही. तरुण असणार, धडधाकट असणार, त्याला कधी काही दुखलं नसणार. त्या हाताचा मला अजून राग येतो.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते घरातल्या पोराने. तेव्हा तो शाळेत होता. त्याचं मला धरणं म्हणजे कुस्तीच. कोपरं गुडघ्यांवर, अंगठे आडवे, पहिली बोटं आकड्यासारखी वाकवून वरच्या बटणांवर. तळव्यांना घाम. दोन वर्षांत त्याने माझ्या डाव्या कांडीवरचं, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीवरचं, रबर पार गुळगुळीत केलं. त्याचा एक मित्र मला फक्त बोटांच्या टोकांनी धरायचा, उष्टं भांडं उचलावं तसं, आणि दर वेळी हरायचा. धरण्यावरून मला माणूस कळतो. चेहऱ्याकडे बघायची गरज पडत नाही.

पोराच्या बापाने मला पहिल्यांदा धरलं ते फेकण्यासाठी.

बाप लिफ्ट दुरुस्त करतो. उंच उंच इमारतींच्या लिफ्टा. त्याच्या कामात एक बोल्ट सैल राहिला तर माणसं मरतात, आणि हे तो घरात दिवसातून दोनदा तरी सांगतो. दाराची कडी, नळ, पंखा, पोरगा, सगळं त्याला आवळून हवं असतं.

त्या संध्याकाळी पोरगा म्हणाला, "बाबा, मी कॉलेज सोडलंय. दोन महिने झाले."

"दोन महिने? मग रोज डबा घेऊन कुठे जात होतास?"

"बागेत बसायचो."

"आणि डबा?"

"खायचो."

मला हसू आलं होतं. बापाला नाही आलं. "तुझ्या वयाचा असताना मी," असं त्याने सुरू केलं. हे वाक्य सगळ्या बापांना जन्मतःच बसवून देतात की काय कोण जाणे. पोरगा मधेच म्हणाला, "तुमच्या वयाचा झालो की मी तुमच्यासारखाच होईन, याचीच भीती वाटते मला." बापाला पोरावर हात उगारायचा होता. जवळ मी होतो. मी भिंतीवर आपटलो आणि खाली पडलो.

माझी उजवी मूठ तडकली. उजव्या खटक्याची, म्हणजे बोटाखालच्या लांब बटणाची, आतली स्प्रिंग अर्धी निसटली. खटका कायमचा सैल झाला.

तिसऱ्या दिवशी पोरगा दुसऱ्या शहरात निघून गेला. तिथे एका गोदामात पार्सलं बांधतो. "माफी मागितल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," बाप म्हणाला. "नाही दाखवणार," पोरगा म्हणाला. आई दोघांच्या मधे उभी होती आणि काही बोलली नाही. तिलाही मी सोडणार नाही. तेव्हा एक शब्द बोलली असती तर कदाचित पुढचं काही घडलंच नसतं.

मी टीव्हीखालच्या खणात पडून राहिलो. सात महिने.

आईने तीस वर्षं ब्लाउज शिवले. मग तिला सांध्यांचा आजार जडला. बोटांची पेरं सुजली, वाकडी झाली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ उघडत नाही. शिवणयंत्रावर चादर पडली. एका दुपारी खण आवरताना तिला मी सापडलो. तिने पदराने मला पुसलं आणि पोराला फोन लावला.

त्यांचे फोन मी ऐकले होते. "जेवलास का," "हो," "कधी येतोस," "आई, तो विषय नको," आणि मग तिचं नाक ओढणं. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "अरे, तुझं ते खेळायचं सापडलं. कसं चालू करतात?"

"तू खेळणार?"

"का, तुझ्या बापाचं काही जातंय?"

त्याने तिला होडीचा खेळ लावायला शिकवलं. तो तिकडून खेळायचा, ती इकडून. दोघांची मिळून एक होडी. तो सुकाणू धरायचा, ती जाळं. दुपारी बाप कामावर आणि पोराची पाळी सुरू व्हायला दीड तास, तेवढा वेळ त्यांचा. ती कानाला हेडफोन लावायची. त्याची वायर माझ्यातच खोचलेली, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी तिला मला धरताच येईना. माझ्या मुठी बारीक, तिची बोटं त्यांच्याभोवती मिटत नव्हती.

"आई, धरलंयस कसं?"

"जसं धरता येतंय तसं."

मग तिने तिची पद्धत काढली. मांडीवर उशी, उशीवर मी आडवा. डाव्या हाताचा अंगठा कांडीवर नुसता टेकवलेला. उजवं बोट वाकत नाही, म्हणून खटक्यावर तळव्याची कड. जाळं ओढायचं तर खटका दाबून दहापर्यंत मोजायचं असतं. नव्या कंट्रोलरवर तिला ते कधीच जमलं नसतं. माझा खटका सैल होता, त्याला तिच्या हाताचं वजनच पुरायचं.

मुठी जाड करायला तिने मला कपडे शिवले. जुन्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या, आत कापूस, वर धावदोरा. अकरा दिवस लागले. सुई बोटांत धरवेना तेव्हा दातांत धरून ओढायची. जिची शिवण गिऱ्हाइकं उलटी करकरून बघायची, तिचे टाके वाकडे गेले. पण मी तिच्या हातात बसलो. त्यानंतर तिने सुई धरलेली नाही. धरवतच नाही.

वर्षभर आम्ही मासे धरले.

"कॅप्टन, जाळं भरलं बघ."

"कॅप्टन कसली. तू नुसता बसून होडी फिरवतोस, मी इथे हमाली करते."

"हात दुखतोय का?"

"दुखतो. तू डावीकडे घे, खडक येतोय."

मधेच तो गोदामातल्या मुकादमाच्या नकला करायचा. तिला हसताना खोकला यायचा. घरी कधी येतोस असं तिने त्या होडीत एकदाही विचारलं नाही. फोनवर बोलायला विषय लागतो. इथे काम होतं.

मग मावशी आली. आईची मोठी बहीण. दुपारी न सांगता येणं हा तिचा हक्कच.

"अगं बाई, या वयात खेळणं? आता बाळसं धरणार वाटतं." आणि संध्याकाळी बापाला, हसत हसत, "भावोजी, लक्ष द्या जरा. घरात पाळणा आणावा लागेल."

आई घाबरली. मीही घाबरलो, मला भिंत आठवत होती. पण बापाने मला फेकलं नाही. त्याने मला उचललं, कापड बाजूला सारून तडा बघितला, त्यावर अंगठा फिरवला आणि मला जागेवर ठेवलं.

पुढच्या सुट्टीला आई मावशीबरोबर दवाखान्यात गेली. बापाने टेबलावर फडकं अंथरलं. बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, चष्मा. माझ्यासाठी नवं कवच मागवलं होतं, नव्या कांड्या, नव्या स्प्रिंगा. ब्लेडने त्याने आईचे टाके उसवले. कापूस बाहेर आला. ते सगळं गोळा करून त्याने कचऱ्यात टाकलं आणि कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतः खाली जाऊन देऊन आला.

एक गोष्ट कबूल करतो. त्या दिवशी त्याने मला फार हळू धरलं होतं. चार तास मान वर केली नाही. खटका तीन-तीनदा दाबून बघितला आणि पुटपुटला, "सैल नको काही." त्याला पोराची माफी मागायची होती. तोंडाने मागता येत नाही अशा माणसाने स्क्रूड्रायव्हर घेतला. राग आला की हातात येईल ते फेकतात आणि वाईट वाटलं की हातात येईल ते दुरुस्त करतात. समोरच्या माणसाशी बोलणं दोन्ही वेळा राहूनच जातं.

आई आली. "बघ," बाप म्हणाला. "नवाकोरा केला."

तिने टेबलाकडे बघितलं. "ते कापड?"

"मळलं होतं. टाकलं."

तिने कचऱ्याचा डबा उघडून बघितला, तो रिकामा होता. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "त्याला सांग. म्हणावं, बाबांनी नीट केला."

दीड वर्षात बापाने पोराला पाठवलेला हा पहिला निरोप. आई म्हणाली, "छान झालाय हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला उशीवर ठेवलं. मी गुळगुळीत, बारीक, घसरत होतो. निरोप तिने आधीच देऊन टाकला.

"बाबांनी? स्वतः?"

"हो. चार तास बसले होते म्हणे."

"बरं." त्याने होडी वळवली. "चालतोय ना नीट?"

"एकदम."

जाळं टाकलं. तिने तळव्याची कड खटक्यावर दाबली. नवी स्प्रिंग तिच्या हाताला ढकलत होती. चारपर्यंत मोजून झालं आणि सुटलं.

"आई, सोडू नकोस."

"सुटलं रे."

तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा तिच्या मनगटाला कळ आली आणि ती ओठ चावून बसली. पोराला खरं सांगितलं तर तो म्हणणार, बघितलंस, नीट करतानाही मोडलंच त्यांनी. नवऱ्याला सांगितलं तर तो पुन्हा पोराचं नाव काढणार नाही. म्हणून तिने दोघांनाही सांगितलं नाही. "डोळे दुखतात," ती पोराला म्हणाली. दुसऱ्या दिवशी डोकं. मग पाहुणे.

आता तीन महिने झाले. बाप कामावर निघण्याआधी मला स्वतः चार्जिंगला लावतो. सुट्टीच्या दिवशी तो समोर असला की ती मला दोन्ही हातांत घेऊन बसते, बटणांवरून अंगठे फिरवते, एकही दाबत नाही. तो बघतो आणि सुखाने पेपर वाचतो.

दुपारी ती एकटीच होडी काढते आणि खटका दाबायचा सराव करते. काल सहापर्यंत गेली होती. हात गरम पाण्यात बुडवून पुन्हा बसली, तेव्हा तीनवरच सुटलं. पोरगा आधी रोज होडीत यायचा. मग आठवड्यातून दोनदा. "तुला आता कंटाळा आलाय, खरं सांग," तो एकदा म्हणाला. ती म्हणाली, "थोडासा." त्यानंतर तो आलेला नाही.

मला नवं कवच नको होतं. तुमच्यापैकी कुणी त्या माणसाला ओळखत असेल तर त्याला सांगा, त्याच्या बायकोचा हात एकदा हातात घेऊन बघ. बोटं कुठपर्यंत वाकतात, कुठे अडकतात, ते बघ. मग मला उघड आणि उजवी स्प्रिंग काढून टाक. पाठीमागे चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी तिला विचारावं लागेल, आणि या घरात ते आजवर कुणाला जमलेलं नाही.